बाबांच्या लग्नपत्रिका, आईचा लॅपटॉप आणि बॅकअपचं एकदाचं ठरवूया

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की लग्नपत्रिकांच्या फाइलींचा ऑनलाइन बॅकअप, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली जादा कॉपी, घ्यायचा तर कुणाचा घेऊ, आणि दादा म्हणतोय गुगल ड्राइव्हवर सगळं टाका नि विषय संपवा. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं राहिलं असतं म्हणून लिहून पाठवतेय. आई, तूही वाच, तुझा लॅपटॉपही यात आहे आणि पासवर्डचा कागद शेवटी तुझ्याच कपाटात राहणार आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात पत्रिका करायचं ते कोरल बॅकअप करतंच की, प्रत्येक फाइलच्या शेजारी 'बॅकअप ऑफ' नावाची दुसरी फाइल दिसते. दिसते खरी, पण ती त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर असते. मूळ फाइल बिघडली तर तिचा उपयोग होतो, डिस्कच गेली तर दोन्ही एकदम जातात. आणि बाहेरची हार्ड डिस्क कुठे ठेवता, तर टेबलाच्या खणात, सीपीयूपासून हातभर अंतरावर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बडोद्यात विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, समा-अकोट्याकडे तळमजले बुडाले, तेव्हा तुमच्या ओळखीच्या त्या काकांचा कॉम्प्युटर आणि त्याच खोलीतली डिस्क एकाच पाण्यात गेली हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. आपण वरच्या मजल्यावर आहोत हे ठीक, पण शॉर्टसर्किट किंवा चोरी मजला बघून होत नाही ना. म्हणून तीन कॉपी हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुमच्याकडे पहिल्या दोन आहेत, घराबाहेरची नाही, बस तेवढीच आपल्याला विकत घ्यायची आहे.

आता दादाचं म्हणणं. गुगल ड्राइव्ह वाईट नाही, मी रोज वापरते, पण तो मुळात सिंकसाठी आहे, म्हणजे इथे केलेला बदल तिथेही होतो. तुम्ही जागा करायला जुन्या सीझनचा फोल्डर उडवलात की तिकडूनही उडतो, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. तुमचं काम कसं असतं, कुणीतरी पाच वर्षांनी येतं, मोठ्या मुलीची पत्रिका तुम्ही केली होती तशीच धाकटीची करा म्हणून. ३० दिवसांचा तिथे काय उपयोग? शिवाय फुकटचे १५ जीबी जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांत वाटलेले असतात आणि १ जून २०२१ नंतरचे गुगल फोटोही त्यातच मोजले जातात. आईचं जीमेल भरलंय असं सारखं येतं ते त्यामुळेच. वनड्राइव्हचं तेच, तिथे फुकट फक्त ५ जीबी.

तर खरी बॅकअपची सर्व्हिस हवी, आणि ती निवडताना मी जागा किंवा किंमत आधी बघितली नाही, आधी हे बघितलं की तुमच्याकडून फाइल उडाली तर तिकडे ती किती दिवस राहते आणि तुम्ही एकटे, मला फोन न लावता, ती परत आणू शकाल का. माझं सगळं मत यावरच ठरलंय.

दोन नावं शेवटपर्यंत राहिली. बॅकब्लेझ वापरायला फार सोपं आहे, एकदा लावलं की सगळं आपोआप वर जातं, जागेला मर्यादा नाही. पण पैसे दर कॉम्प्युटरमागे, वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे तुमचा डेस्कटॉप आणि आईचा लॅपटॉप धरून दुप्पट. तरी मी पैशाकडे बघितलं नसतं, मुख्य अडचण अशी की ३० दिवसांच्या सेटिंगवर कॉम्प्युटरवरून उडवलेली फाइल ३० दिवसांनी त्यांच्याकडूनही जाते, आणि बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर तीही ३० दिवसांत एकदा जोडून दाखवावी लागते. सेटिंग एक वर्षावर नेता येतं, पण तुमच्या कामाला वर्षही कमीच. आयड्राइव्हमध्ये एकाच खात्यात कितीही कॉम्प्युटर बसतात, जागा मात्र मोजून मिळते. तुम्ही कॉम्प्युटरवरून फाइल काढलीत तरी त्यांच्याकडची तशीच राहते, तुम्ही मुद्दाम साफ करेपर्यंत, आणि एका फाइलच्या ३० पर्यंत जुन्या आवृत्त्या राहतात. शेवटच्या क्षणी मुलाकडच्यांनी मामांची नावं बदलायला लावली आणि मग परत पहिलीच बरी म्हणाले, तर पहिली मिळते. म्हणून मी आयड्राइव्ह म्हणते. फक्त त्यात 'आर्काइव्ह क्लीनअप' नावाचं एक आहे, ते कॉम्प्युटरवर नसलेल्या फाइली तिकडूनही साफ करतं, ते चालू करू नका, कुणीही सांगितलं तरी.

जुन्या आवृत्त्यांचं महत्त्व अजून एका कारणाने आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला होता तो आठवत असेल, सगळ्या फाइलींना कुलूप आणि पैसे द्या म्हणून पाटी. असा व्हायरस जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाही. म्हणून खणातली डिस्क काम झालं की काढून ठेवायची, आणि ऑनलाइनवरून आदल्या तारखेची फाइल घ्यायची.

आता फॉन्ट. ही गोष्ट कुठलीच सर्व्हिस आपणहून सांगत नाही आणि तुमच्या धंद्यात हीच सगळ्यात मोठी. बॅकअपवाले साधारणपणे विंडोज आणि प्रोग्रॅमचे फोल्डर वगळतात, आणि फॉन्ट विंडोजच्याच फोल्डरमध्ये असतात. उद्या नवीन मशीन घेतलं, सगळ्या फाइली परत आल्या, उघडल्या, आणि 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं! श्रीलिपीचे जुने फॉन्ट असोत की गुजराती कंकोत्र्यांचे, म्हणजे तिकडच्या लग्नपत्रिकांचे, ते सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड पद्धतीचे नाहीत, फॉन्ट नसला की मजकूर वाचताच येत नाही. तेव्हा सगळे फॉन्ट कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये एक फोल्डर करून ठेवा म्हणजे तेही वर जातील. आणि रावपुऱ्यातल्या प्रेसला पाठवलेली फायनल फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, वेगळी ठेवा, तिला फॉन्ट लागत नाही.

हिशेबाच्या टॅलीचं असं की टॅली चालू असताना बाहेरून त्याच्या फाइली उचलल्या तर अर्धवट येऊ शकतात. रोज काम संपलं की टॅलीतच ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्यायचा, डॉक्युमेंट्समधल्या एका फोल्डरमध्ये, बाकी रात्री आपोआप होईल. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.

आई, तुझ्या लॅपटॉपवर फराळाच्या गिऱ्हाइकांची एक्सेल शीट आणि फोटो आहेत, पण मला जास्त काळजी आजीच्या ओव्यांची आहे. कॅसेटवरून उतरवलेलं ते रेकॉर्डिंग जगात फक्त तुझ्या त्या एका लॅपटॉपवर आहे, कॅसेट तर आता वाजतही नाही. पहिल्या दिवशी तेच वर जाऊ दे, पत्रिका नंतर.

पहिला बॅकअप वेळ खातो. आपलं ३० एमबीपीएसचं कनेक्शन कागदावर तासाला १३ जीबी चढवतं, म्हणजे समजा ४०० जीबी असतील तर चार रात्री, पण सर्व्हर परदेशात आहेत त्यामुळे त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा आणि कॉम्प्युटर झोपेत जाणार नाही असं सेटिंग करा. नंतर फक्त बदललेलं जातं, ते कळतही नाही.

पैसे भरताना बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार चालू करावा लागेल, २०२० पासून नव्या कार्डांवर तो बंदच असतो. १८ टक्के जीएसटी धरून चला. आणि पुढच्या वर्षी आपोआप पैसे कटतील यावर विसंबू नका, ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनंतर परदेशी कंपन्यांचे असे पैसे बरेचदा अडतात, आणि पैसे न गेल्यास खातं बंद होऊन डेटा जाऊ शकतो. कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवा.

खातं उघडताना ते विचारतील स्वतःची गुप्त की, म्हणजे फाइली उघडायची फक्त तुम्हालाच माहीत असलेली किल्ली, ठेवायची का. ठेवू नका. कडक सुरक्षा हवी असणाऱ्यांसाठी ती चांगली, पण ती विसरली तर कंपनीलाही काही करता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत पत्रिका कुणी चोरण्यापेक्षा की हरवण्याची भीती मला जास्त वाटते. पासवर्ड मात्र लांब, कागदावर लिहून एलआयसीच्या फाइलमध्ये. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येऊ दे, माझ्या नको, मी मीटिंगमध्ये असले तर तुम्ही अडून बसाल.

खणातली डिस्क टाकू नका हं. क्रॅशप्लॅन नावाची चांगली सर्व्हिस होती, २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं की घरगुती गिऱ्हाइकं नकोत आणि २०१८ च्या ऑक्टोबरला बंद केली. उद्या कुणाचंही असं होऊ शकतं. डिस्क फक्त खणातून काढून माळ्यावर ठेवा.

आणि लगेच पैसे भरू नका. आयड्राइव्हचं १० जीबीचं फुकट खातं आहे, त्यात एक पत्रिकेचा फोल्डर आणि फॉन्टचा फोल्डर टाका, मग आईच्या लॅपटॉपवर बाबा तुम्ही स्वतः तो परत उतरवा आणि आधी तिथे फॉन्ट घाला. कोरल तिथे नाहीये, म्हणून त्याची फुकट ट्रायल येत असेल तर ती टाकून बघा, नाहीतर निदान पीडीएफ उघडून बघा. अक्षरं नीट दिसली, आणि तुम्हाला ते मी न सांगता जमलं, तरच वर्षाचे पैसे भरायचे. नाही जमलं तर बॅकब्लेझची १५ दिवसांची ट्रायल बघू, त्यात माझी हरकत नाही.

हे तुळशीच्या लग्नाआधी व्हायला हवं, नंतर तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि आईचाही दिवाळीचा पसारा तोवर उरकलेला असतो. रविवारी सकाळी फोन करते, त्याआधी डी ड्राइव्हवर राइट क्लिक करून किती जीबी भरलेत ते बघून ठेवा, त्यावर कुठला प्लॅन ते ठरेल.

तुमची,
मनू