लोमूचे ते ३७ ‘गोल’ नव्हेत

महोदय,

आपल्या क्रीडा पानावरील न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याच्यावरच्या लेखात ‘कसोटीत (म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांत) ३७ गोल’ असे छापले आहे. रग्बीत गोल असतो, पण तो लाथेने मारलेला. लोमूचे ते ३७ ट्राय. ट्रायसाठी चेंडू गोलरेषेपलीकडे नुसता नेऊन भागत नाही, तो जमिनीवर दाबून टेकवावा लागतो. कबड्डीत चढाईपटूचे बोट मध्यरेषेला लागले की तो सुटला; इथे अंग कुठे पोचले याला किंमत नाही, चेंडू टेकला पाहिजे. हातातून निसटला तर शून्य. एका ट्रायला ५ गुण, म्हणून ६३ कसोटींत त्याचे १८५ गुण. सगळे पळून मिळवलेले.

सारे श्रेय त्याच्या वजनाला देणेही पटले नाही. तो डावा विंग, म्हणजे डाव्या कडेचा खेळाडू, ११ नंबर. रग्बीत हाताने चेंडू पुढे टाकता येत नाही, त्यामुळे तो तिरक्या रांगेतून हातोहात कडेला येतो. प्रत्येक पास समोरचा एकेक बचावपटू अडकवत जातो आणि शेवटी विंगपुढे एखादाच उरतो. १८ जून १९९५ला केपटाऊनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडचा माइक कॅट असाच एकटा सापडला. लोमू अडखळत असूनही त्याच्या अंगावरून गेला. १.९६ मीटर उंचीच्या, सुमारे १२० किलोच्या गड्याला छातीशी धरायला जाल तर तो तळहाताने ढकलून देतो. त्याने वेग घेण्याआधीच मांड्यांना मिठी घालावी लागते, आणि मागे दुसरा माणूस तयार लागतो. सहाच दिवसांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ते करून दाखवले. १५-१२ अशा त्या सामन्यात एकही ट्राय झाला नाही. आफ्रिकेविरुद्ध लोमूला कसोटीत कधीच ट्राय करता आला नाही, हे लेखात यायला हवे होते.

‘मध्येच फॉर्म गेला’ हे तर चूकच. त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम होता. यात मूत्रपिंडातून प्रथिने लघवीवाटे गळतात, रक्तातली कमी होतात, अंगावर सूज येते, दम टिकत नाही. तरीही १९९९च्या विश्वचषकात त्याने ८ ट्राय केले. शेवटची कसोटी २००२मध्ये, डायलिसिस २००३मध्ये, प्रत्यारोपण २००४मध्ये. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला, अवघ्या चाळिशीत.

२०२५च्या जूनमध्ये अंधेरीत लीग झाली ती सात-सात जणांच्या रग्बीची. तिचे आकडे पंधरा जणांच्या खेळात मिसळू नयेत. लोमूचे १९९८चे क्वालालंपूरचे राष्ट्रकुल सुवर्ण याच सात जणांच्या खेळातले, सेव्हन्समधले. ३७मध्ये त्यातला एकही ट्राय नाही.

गुणफलक छापताना नुसते ४५-२९ न देता फोडही द्यावी. त्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे ६ ट्राय (पैकी ४ लोमूचे), ३ कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारायची लाथ), १ पेनल्टी आणि २ ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेले): ३० + ६ + ३ + ६. त्यातला एक ड्रॉप गोल झिंझान ब्रूकचा होता, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या ढकलाढकलीत, डोके घालणाऱ्या फॉरवर्डचा!

– रग्बीप्रेमी वाचक, परळ, मुंबई