मानदुखीत आधी चौकशी, मग उपचार

संपादक महोदय,

मानदुखीच्या उपचारांविषयी लिहिताना पट्टा, शेक, मालीश आणि व्यायाम यांवरच भर दिला जातो. या दुखण्यामागे एखादा गंभीर आजार तर नाही ना, याची मानेला हात लावण्यापूर्वी करायची चौकशी मात्र दुर्लक्षित राहते. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बहुतेकांची मानदुखी स्नायू व सांध्यांतली असते. परंतु थोड्या रुग्णांत तिचे मूळ अस्थिभंग, जंतुसंसर्ग, मणक्यांत पसरलेला कर्करोग किंवा मज्जारज्जूवरील दाब यांत असते. यांपैकी मज्जारज्जूवरचा दाब फार सहज निसटतो, कारण त्यात मान कित्येकदा थोडीच दुखते. शर्टाची बटणे लावता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे या तक्रारी रुग्ण वयावर ढकलतो आणि विचारल्याशिवाय सांगतही नाही. मानेतील धमनीच्या अस्तराला चीर पडल्यास तर तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो, आणि त्याआधी काही तास किंवा दिवस केवळ मान अथवा डोके दुखत असते. पूर्वी कधीच न झालेली, अचानक उठलेली तीव्र वेदना, सोबत एका डोळ्याची पापणी झुकणे, दुहेरी दिसणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर मान मोडून देण्याचा विचारही करू नये. रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे.

याचा अर्थ सरसकट एमआरआय काढावा असा नव्हे. मणक्यांची झीज वेदना नसलेल्यांतही सर्रास दिसते आणि अहवाल वाचून माणूस विनाकारण धास्तावतो. अपघातानंतर एक्स-रे कोणाला हवा, हे ठरवणारा 2001 साली प्रसिद्ध झालेला कॅनेडियन सी-स्पाइन नियम वय 65 किंवा अधिक आहे का, अपघात कसा झाला, हातापायांना मुंग्या येतात का, अशा प्रश्नांपासूनच सुरू होतो आणि अनेकांचा एक्स-रे वाचवतो. एकटे लक्षण क्वचितच निर्णायक असते, हेही मान्य. म्हणून पूर्वीचा कर्करोग, ताप, घटलेले वजन, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे यांचा एकत्रित विचार करावा लागतो, आणि उपचारांना अपेक्षित गुण येत नसेल तर हीच चौकशी पुन्हा करावी लागते.

उपचारकेंद्रांनी हे प्रश्न पहिल्या भेटीच्या नोंदपत्रकातच छापावेत आणि त्यांची उत्तरे लिहिल्याखेरीज मानेवर हाताने कोणताही उपचार सुरू करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक व फिजिओथेरपिस्ट