लायसन्सचा आकडा सांगितलात, बाकीचा खर्च कधी सांगणार होतात?

प्रति,
कस्टमर रिलेशन्स विभाग

विषय : एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्यूअलचं नवीन कोटेशन आणि आमचा डेटा परत देण्यासाठी मागितलेले पैसे

नमस्कार,

आम्ही तुमचं स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर २०२१ पासून वापरतोय, बारा युजर आहेत, आत्तापर्यंत एकही बिल थकवलेलं नाही. फोनवर चार वेळा बोलून झालं, तक्रारीची टिकेट टाकून झाली, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, म्हणून आता लेखी देतेय.

परवा रिन्यूअलचं कोटेशन आलं ते बघून खरंच हादरले. आकडे सरळ कळावेत म्हणून मूळ लायसन्सची किंमत १०० धरते. घेताना डेमोमध्ये तुम्ही हाच आकडा दाखवला होता आणि आम्ही त्यावरच बजेट केलं. मग इम्प्लिमेंटेशन, जुना डेटा आणणं आणि ट्रेनिंग मिळून अजून १०० गेले. पहिलं वर्ष फ्री होतं, दुसऱ्या वर्षापासून एएमसी २० टक्के आणि दरवर्षी त्यात १० टक्के वाढ, म्हणजे २०, २२, २४.२, २६.६, चार वर्षांचे झाले जवळपास ९३. कस्टमायझेशनचे ४०, डेटाबेस अपग्रेडचे ३५. बेरीज करा, ३६८ होतात. १०० चं सॉफ्टवेअर म्हणून घेतलं आणि साडेतीनपटीच्या वर पैसे गेले, यात आमच्या लोकांनी रात्री जागून केलेली एन्ट्री आणि गो-लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष वापर सुरू होणं, चार महिने लांबलं तेव्हा दोन्ही सिस्टीम सोबत चालवल्या तो खर्च धरलेलाच नाही. आणि आता नव्या कोटेशनमध्ये एएमसी कस्टमायझेशनच्या रकमेवर पण लावलीय, म्हणजे जे काम आम्ही एकदा पैसे देऊन करून घेतलं त्याच्यावर दरवर्षी परत टक्केवारी.

एएमसी घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. सॉफ्टवेअर जिवंत ठेवायला माणसं लागतात, बग निघतात, टॅक्सचे नियम बदलले की कोड बदलावा लागतो, हे सगळं समजतं. पण विकत घेण्याच्या किमतीपेक्षा पुढे चालवण्याचा खर्च मोठा असतो ही गोष्ट तुमच्या धंद्यात कुणालाच नवीन नाही, गार्टनर या आयटी संशोधन कंपनीने टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप, म्हणजे घेण्यापासून चालवण्यापर्यंतचा एकूण खर्च, हा हिशोब १९८७ मध्येच मांडलाय. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आम्हाला नव्हतं. पाच वर्षांचा अंदाज एका कागदावर दिला असता तर आम्ही कदाचित तरीही तुमच्याकडूनच घेतलं असतं, पण डोळे उघडे ठेवून घेतलं असतं.

डेटाबेसचंच बघा. २०२१ मध्ये तुम्ही आम्हाला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसवर बसवून दिलंत. त्याचा मुख्य सपोर्ट जुलै २०१९ लाच संपला होता आणि एक्स्टेंडेड सपोर्ट (नंतरचा, मुख्यतः सिक्युरिटी अपडेटपुरता) ९ जुलै २०२४ ला संपणार हे मायक्रोसॉफ्टने आधीपासून जाहीर केलेलं होतं, कुणालाही वेबसाइटवर दिसत होतं. तरी तेच व्हर्जन दिलंत आणि तीन वर्षांनी मेल पाठवलात की सिक्युरिटी अपडेट बंद होतायत, अपग्रेड अर्जंट आहे, वरचे ३५ ते हेच. वर डेटाबेसची क्लायंट लायसन्स प्रत्येक युजरमागे वेगळी लागतात हे पण तेव्हाच कळलं, आम्ही समजत होतो की तुमचं युजर लायसन्स घेतलं म्हणजे झालं.

आता जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. आमच्या स्टोअरमधल्या ताई माल आला की प्रत्येक पावतीवर बॅच नंबर पेनने लिहायच्या, कारण तुमच्या आवक स्क्रीनवर तो कॉलमच नव्हता. एक कॉलम वाढवायला तुम्ही सहा मॅन-डे (एका माणसाचे सहा दिवसांचे काम) लावलेत, ठीक आहे, दिले. ताईंना इतकं बरं वाटलं होतं, एखादी बॅच खराब निघाली तर दोन मिनिटांत शोधता यायची, आधी अख्खी फाईल उपसावी लागायची. मग अपग्रेड झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलम गायब. स्क्रीन परत आधीसारखी. सपोर्टला फोन केला तर उत्तर मिळालं की कस्टमायझेशन स्टँडर्ड अपग्रेडमध्ये येत नाही, ते परत बसवायला रीवर्क चार्ज लागेल. मग अपग्रेडच्या आधी हे का नाही सांगितलं? ताई गेले आठ महिने परत पेनने लिहितायत. त्या काही बोलत नाहीत पण ती पावत्यांची फाईल रोज माझ्या टेबलावर येते, आणि सिस्टीम घ्यायचा निर्णय माझा होता.

आम्ही बाहेर पडायचं ठरवून डेटा मागितला तर त्याचे पण ३० सांगितलेत. पाच वर्षांचा माल, बिलं, ग्राहकांची खाती, प्रत्येक एन्ट्री आमच्या माणसांनी टाइप केलेली आहे. तुमच्या एक्सपोर्ट बटणातून फक्त रिपोर्ट निघतो, कुठलं बिल कुठल्या आवकेशी जोडलंय ते निघत नाही, आणि ते जोड नसतील तर नवीन सिस्टीममध्ये त्याचा उपयोग शून्य.

अजून एक, ॲग्रीमेंटमध्ये लायसन्स कायमस्वरूपी आहे असं स्पष्ट लिहिलंय. तरी मेलमध्ये आहे की एएमसी भरली नाही तर लॉगिन बंद होईल. एएमसी नसेल तर सपोर्ट आणि अपडेट मिळणार नाहीत हे मान्य आहे, पण विकत घेतलेलं सॉफ्टवेअर बंद कसं करता येईल? कुठल्या कलमात आहे ते दाखवा.

माझ्या मागण्या अशा : कस्टमायझेशनवरची एएमसी काढून सुधारित कोटेशन द्या, बॅच नंबरचा कॉलम रीवर्क चार्ज न घेता परत बसवा कारण तो तुमच्याच अपग्रेडने गेला, आणि आमचा सगळा डेटा टेबलांच्या जोडांसकट सीएसव्हीमध्ये (कुठल्याही सिस्टीममध्ये उघडणारी साधी फाईल) विनाशुल्क द्या. रिन्यू करायचं की नाही ते आम्ही त्यानंतर ठरवू, आणि करायचं झालं तर पुढच्या पाच वर्षांचा सगळा खर्च, वाढ किती टक्के, कुठलं व्हर्जन कधी संपणार, हे आधी लेखी हवं.

उत्तर १५ दिवसांत आणि लेखी द्या, फोनवर नको. रिन्यूअलची तारीख महिनाअखेर आहे, तोपर्यंत उत्तर आलं नाही तरी लॉगिन बंद करू नका, १ तारखेला सकाळी मालाची गाडी येते आणि ती आवक सिस्टीममध्ये घेतल्याशिवाय आम्हाला एकही बिल काढता येत नाही.

कळावे,
पाच वर्षांपासूनची तुमची ग्राहक

सोबत : मूळ ॲग्रीमेंट, सगळी बिलं, टिकेटचे स्क्रीनशॉट आणि ताईंच्या फाईलमधल्या चार पावत्यांचे फोटो