साधी गाठ

प्रिय बाळ्या,

जिवंत आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शिव्या न देता वाचशील. जुलैपासून तुझे सहा फोन उचलले नाहीत आणि दर वेळी 'बागेत होतो, रेंज नव्हती' असं ठोकून दिलं. बागेला खेटून टॉवर उभा राहिलाय हे तुला माहितीय, तरी तू काही बोलला नाहीस, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आईची शुगर ठीक, दादाचा गुडघा होता तसाच.

मला पोटात गाठ निघालीय. लगेच फोन करू नकोस, आधी सगळं वाच.

जुलैत उजव्या कुशीत दुखायला लागलं, मला वाटलं मुतखडा, म्हणून सोनोग्राफी केली तर खडा राहिला बाजूला आणि ही सापडली. अकरा सेंटिमीटर, म्हणजे चांगलं मोठं डाळिंब म्हण. दोन वर्षं जेवलं की पोट तटतटायचं, मी मिसळीला दोष देत होतो आणि सुनंदा माझ्या वजनाला. मग सीटी स्कॅन झाला. सर्जनने टेबलावर आडवं केलं आणि दोन बोटांनी गाठ ढकलली, तर डावी-उजवीकडे झोपाळ्यासारखी सरकली, वर-खाली मात्र ढिम्म. माणूस एकदम खूश! म्हणे ही खूण तिलो नावाच्या फ्रेंच सर्जनच्या नावाने ओळखतात, त्यानेच १८८० मध्ये अशी गाठ पहिल्यांदा यशस्वी काढली. आणि पहिली नोंद १५०७ च्या, फ्लॉरेन्सच्या एका डॉक्टरच्या पुस्तकात, एका लहान मुलाच्या शवविच्छेदनातली. हे शेवटचं त्यांनी गिळलं असतं तरी चाललं असतं.

मेसेंटरिक सिस्ट म्हणतात. आतडं ज्या पडद्याने मागे पाठीला टांगलेलं असतं ना, त्या पडद्यात पाण्याची पिशवी धरलीय. मोठ्या माणसांत दवाखान्यात लाखभर पेशंट भरती होतात तेव्हा एखाद्याला निघते. आयुष्यात कधी दहा रुपयाची लॉटरी लागली नाही, ही बरोब्बर लागली.

आमच्या शेजारच्या अण्णांचं म्हणणं, सुई घालून पाणी काढून टाक, कशाला पोट फाडतोस. मलाही पटलेलं, पैसे पण वाचले असते. डॉक्टर म्हणाले पाणी काढलं तरी पिशवी आतच राहते, पुन्हा भरते, त्यामुळे अख्खी सोलून काढायची. खरी मेख पुढेच आहे. आतड्याला रक्त त्याच पडद्यातून जातं. ते बिचारे चित्र काढून दाखवत होते, मीच म्हटलं, साहेब, ठिबकची मेन लाईन आणि तिच्यातून वेलांपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या, लॅटरल ना? गाठ लॅटरलला चिकटलेली असेल तर लॅटरल कापावी लागणार आणि पुढचा वेल सुकणार. ते हसले, म्हणाले अगदी तेच, म्हणून तेवढं आतडं गाठीबरोबर काढायचं आणि दोन टोकं जोडायची. सुरुवात दुर्बिणीने करणार, चिकटलेली निघाली तर पोट उघडणार. किती कापायचं ते आत गेल्यावरच कळणार. ठेवून पण चालत नाही, पीळ पडू शकतो, आत रक्तस्राव होऊ शकतो, फुटू शकते.

तारीख मिळालीय ७ ऑक्टोबर. ऐन द्राक्षाच्या गोड्या छाटणीत! पोट उघडलं तर दीड महिना वजन उचलायचं नाही, म्हणजे काड्यांना पेस्ट लावायला दादा, डावणी रोगावर नजर ठेवायला दादा, आणि दादाला डावणी आणि धूळ यातला फरक कळत नाही. डॉक्टर आधी माझी छाटणी करणार आणि मग दादा बागेची, दोघांतलं कोण जास्त डोळे ठेवतं बघू.

हे सगळं ठीक आहे रे. घोर वेगळाच आहे, आणि तो सुनंदाला सांगून कळणार नाही.

सगळे म्हणतात साधी गाठ आहे. सर्जन म्हणतात, सुनंदा म्हणते, दादा म्हणतो. पातळ भिंत, आत नुसतं पाणी, कॅन्सर शंभरात तीनेक जणांनाच निघतो, बायोप्सी काय नियम म्हणून करायचीच. आणि मला फक्त तुझा आवाज ऐकू येतो. सीबीएस स्टँडच्या बाहेर रिक्षात, नाना आपल्या दोघांच्या मध्ये बसलेले, त्यांचा रिपोर्ट माझ्या शर्टात पोटाशी खोचलेला, आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "साधी गाठ आहे नाना." मी मान हलवली. दिवाळीनंतर अडकित्ता हातात धरून त्यांनी विचारलेलं आठवतं? "काय रे पोरांनो, साधी गाठ इतके दिवस टिकते?" तू सुपारी आणायच्या निमित्ताने पळालास. मी बसलो होतो.

परवा सीटीचा रिपोर्ट आणायला सुनंदा आणि दादा गेले, परत आले तेव्हा पाकीट फोडलेलं होतं. दादा म्हणाला साधी आहे, आणि खिडकीबाहेर बघत होता. आता तो बहुतेक पार्किंगमधली गाडी बघत असेल. पण मला रात्री झोप नाही. मी रिपोर्ट स्वतः चार वेळा वाचला, मोबाईलवर एकेक शब्द टाकून बघितला, तरी वाटतं अजून एक पान असेल आणि ते कोणाच्या तरी शर्टात असेल.

म्हणून तुला सांगितलं नव्हतं. गाठ म्हटलं की तुला काय आठवणार ते मला माहिती होतं.

हरिहर गडावरचं तू अजून नाकबूल करतोस, पण पायऱ्यांच्या मध्यावर मी कपारीत हात घालून थरथरत होतो आणि तू वर जाऊन पोहे खात होतास. माकडं आली म्हणून पुढे गेलो म्हणतोस. एकही माकड नव्हतं.

तर त्या पोह्यांची फेड म्हणून सात तारखेला ये. सुट्टी नसेल तर निदान बायोप्सीचा रिपोर्ट येईल त्या दिवशी ये, ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी. मी सुनंदाला सांगून ठेवलंय की रिपोर्ट बाळ्या आणेल. तू पाकीट फोडू नकोस, तसंच माझ्या हातात दे. फोडलंसच तर जे लिहिलंय ते माझ्याकडे बघून वाच.

ईशाचं दहावीचं कळलं, पेढे राहिले. नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे ना? वहिनींना नमस्कार. प्रमोशनचं काय झालं ते आल्यावर सांग.

येताना पोहे आणू नकोस, तोंडी खायला परवानगी कधी मिळेल माहीत नाही.

तुझा,
गण्या