कुमेरोंचं नाव बातमीत हवं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पानावर गेल्या आठवड्यात 'तेल सोडा, हृदय जपा' अशी चौकट आली होती. आमच्या घरी ती कापून फ्रिजवर चिकटवली गेली. चिकटवणारे आमचे हे. त्यांची बायपास झाल्यापासून छापून आलेलं प्रत्येक पथ्य त्यांना मान्य असतं, फक्त ते रांधायचं मी असतं. चौकटीत तीन विधानं एका दमात होती. तेल-तूप सगळंच वाईट. करडईचं तेल मात्र उत्तम, कारण त्यात ओमेगा-३ असतं. आणि 'नव्या संशोधनानुसार' ट्रान्स फॅट घातक. मी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पेपर तपासायची सवय गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करते, कारण राग त्याचाच आला. 'नवं संशोधन' म्हणजे किती नवं? फ्रेड कुमेरो या शास्त्रज्ञाने आपल्या दोन सहकाऱ्यांसह माणसाच्या ऊतींमध्ये ट्रान्स मेदाम्लं (ट्रान्स फॅट ज्यांचं बनतं ती) साठलेली आढळतात हे 'सायन्स' नियतकालिकात छापलं ते १९५७ साली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि मी निवृत्त होऊन बसले आहे.

कुमेरो १९१४ साली बर्लिनमध्ये जन्मले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकले. उमेदीच्या काळात त्यांनी पेलाग्रावर काम केलं. मक्यावरच पोट भरणाऱ्या दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या गरिबांचा हा आजार. मक्याच्या भरड्यात नायसिन हे जीवनसत्त्व मिसळण्याच्या कामात त्यांचा हात होता. १९५० पासून ते इलिनॉय विद्यापीठात मेदाम्लांच्या रसायनात रमले, ते थेट शंभरी ओलांडेपर्यंत.

(दक्षिण अमेरिका खंड नव्हे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग. वर्गात हे दोनदा सांगावं लागायचं.)

हे रसायन अवघड नाही. ओलेइक आम्ल शेंगतेलात भरपूर असतं. त्याच्या लांब साखळीत मध्यावर एक दुहेरी बंध असतो आणि तिथले दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला, म्हणून साखळी तिथे वाकते. हे 'सिस' रूप. तेलात निकेल घालून, तापवून, हायड्रोजन अर्धवट सोडला की काही बंध भरून जातात आणि काही नुसतेच उलटतात: हायड्रोजन विरुद्ध बाजूंना, साखळी सरळ. हे 'ट्रान्स'. बाभळीच्या वाकड्या फांद्या कितीही दाबा, मधे पोकळी राहतेच. कडब्याच्या पेंढ्या मात्र घट्ट बसून गंज उभी राहते. म्हणून ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांना वितळतं, आणि त्याचाच ट्रान्स भाऊ, इलायडिक आम्ल, सुमारे ४५ अंशांना. आपल्या मे महिन्यातल्या सोलापुरातही तो पठ्ठ्या घट्टच राहील. अणू तेवढेच, सूत्र तेच, फक्त एक वळण गेलं! बेकरीवाल्याला हवा तो घट्टपणा आणि टिकाऊपणा याच वळणात आहे, आणि धमन्यांचा त्रासही.

अशा अर्धवट हायड्रोजन भरलेल्या तेलाचं आपल्याकडचं रूप म्हणजे वनस्पती तूप. आमच्या पिढीने ते ओळखायला प्रयोगशाळेत शिकलं. सरकारी नियमाने वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं बंधनकारक होतं. हेतू एवढाच, की साजूक तुपात कोणी ते मिसळलं तर बोदुँ चाचणीत पकडता यावं. वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल घालून हलवायचं; गुलाबी-लाल रंग आला की भेसळ. मुलींना हा प्रयोग फार आवडायचा. दिवाळीनंतर घरून डबीत तूप आणायच्या आणि कुणाच्या तरी मावशीचं बिंग फुटायचं. पण आम्ही सगळे 'तुपात वनस्पती आहे का' एवढंच विचारत होतो. 'वनस्पतीत काय आहे' हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, आणि मलाही सुचला नाही, हे कबूल करते.

अमेरिकेतही निराळं नव्हतं. तिथे सगळा ठपका लोणी, अंडी आणि कोलेस्टेरॉलवर होता, मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, शहाण्यांचं खाणं मानलं जात होतं. कुमेरो उलट बोलत राहिले आणि बाजूला पडत राहिले. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी माणसांना मोजून-मापून आहार देऊन दाखवलं, की ट्रान्स मेदाम्लांनी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि वर चांगलं घटतं. १९९३ मध्ये हार्वर्डच्या विलेट यांच्या गटाने ८५ हजारांवर परिचारिकांच्या नोंदींतून ट्रान्स आणि हृदयविकाराचा संबंध पुढे आणला. तरीही कायदा हलेना. २००९ मध्ये, ९४ वर्षांच्या कुमेरोंनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे बंदीसाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही, तेव्हा २०१३ मध्ये थेट दावा लावला. २०१५ च्या जूनमध्ये प्रशासनाने अर्धवट हायड्रोजनीकृत तेलं सुरक्षित मानता येत नाहीत असा अंतिम निर्णय दिला आणि उद्योगांना जून २०१८ पर्यंत मुदत दिली. कुमेरो मे २०१७ मध्ये, १०२ व्या वर्षी गेले. मुदत संपलेली त्यांना पाहता आली नाही.

त्यांचं सगळंच म्हणणं शास्त्रज्ञांनी स्वीकारलं असं मात्र नाही. कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, खरा गुन्हेगार ऑक्सिडीकरण झालेलं कोलेस्टेरॉल आणि तापून बिघडलेली तेलं, हे त्यांचं मत आजही अल्पमतात आहे. स्वतः ते अंडी, लोणी, सायीचं दूध खात राहिले. आमच्या ह्यांना हे वाक्य मी वाचून दाखवलेलं नाही.

आता करडई. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. ज्वारीच्या रानात कडेने करडीचे पट्टे असायचे, काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत, आणि घाण्यावरून आलेल्या तेलाचा वास घरभर दरवळायचा. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने करडईवर केलेलं काम आणि 'भीमा' हे वाण शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा करडईविरुद्ध लिहिताना माझा हात जड होतो. पण चौकटीतलं वाक्य चूक आहे. करडईच्या तेलात ओमेगा-३ जवळपास नसतंच; नेहमीच्या करडईत सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं ते लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. ओमेगा-३ हवं तर आपल्या जवसात पाहा, त्याच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास असतं. मासळीतल्या ओमेगा-३ मध्ये त्याचं रूपांतर शरीर थोडंच करतं हे खरं, पण म्हणून जवसाची चटणी टाकून कॅप्सूलच्या मागे लागायचं कारण नाही.

आणि करडईच्या तेलावर एक अस्वस्थ करणारा अभ्यास आहे, तो सोलापूरकरांनी वाचायला हवा. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका वगैरे येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला नेहमीच्या स्निग्ध पदार्थांऐवजी करडईचं तेल आणि त्याचं मार्गारीन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं. पण रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी जुनी, कधीच पूर्ण न छापलेली आकडेवारी मिळवून २०१३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली तेव्हा दिसलं, की करडई गटात १७.६ टक्के माणसं दगावली होती, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. यावर आक्षेप आहेत: गट लहान होते, त्या मार्गारीनमध्ये ट्रान्स असू शकतं. अमेरिकन हार्ट असोसिएशन २०१७ मध्येही लोणी-तुपासारख्या संपृक्त मेदाऐवजी असंपृक्त तेलांच्याच बाजूने उभी राहिली. माझं म्हणाल तर मी करडी सोडलेली नाही. भाजीला थोडी, शेंगतेलाशी आलटून पालटून. पण 'हृदयाला चांगलं' असा शिक्का कुठल्याही बाटलीवर मारायला मी तयार नाही.

तेलाचं नाव विचारण्यापेक्षा त्या तेलाचं पुढे काय केलं ते विचारा, एवढं साधं आपल्या चौकटीत यायला हवं होतं. गड्ड्याच्या यात्रेत भज्यांची कढई सकाळपासून रात्रीपर्यंत तीच असते, वरून ताजं तेल ओतलं जातं. तळताना तेलात साचणाऱ्या ध्रुवीय संयुगांची (तेल बिघडल्याची खूण) मर्यादा २५ टक्के, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. ट्रान्स फॅटची मर्यादा आपल्याकडे २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली, हा मोठाच बदल. तोही चौकटीत नव्हता. पाकिटावर तरी वाचता येतं. सुट्या खारीवर, टोस्टवर, आणि ज्यात बटर औषधालाही नसतं त्या 'बटर'वर कुठे वाचायचं? आपले वार्ताहर महापालिकेच्या खड्ड्यांची खोली मोजतात. एकदा शहरातल्या दहा कढया आणि दहा बेकऱ्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावेत आणि आकडे छापावेत. नमुने कसे घ्यायचे ते मी सांगेन, फुकट.

पत्र लिहायच्या आधी मी आमच्या गल्लीतल्या बेकरीत जाऊन विचारलं, कोणतं तूप वापरता. मालक बिचारा भला माणूस. आतून खोकं उचलून आणलं आणि म्हणाला, "बाई, ह्यावर समदं इंग्रजीत हाय, तुम्हीच वाचून सांगा." चष्मा घालून वाचलं. पामतेल, आणि खाली बारीक अक्षरांत ट्रान्स २ टक्क्यांच्या आत. त्याला सांगितलं, ट्रान्स गेलं, पण पामतेलात संपृक्त मेद निम्म्याच्या जवळ असतो. तो म्हणाला, "म्हंजी चांगलं का वाईट?" मी पाव किलो खारी घेतली आणि म्हटलं, आधीच्या खोक्यापेक्षा चांगलं.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सोलापूर