अर्धं बूच इकडे, अर्धं तिकडे

रिचमंड (व्हर्जिनिया, अमेरिका), २६ मे

प्रिय मंजू,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "चार वर्षं झाली, अजून एक राज्यसुद्धा पुरं झालं नाही तुझं. असं तुकड्यातुकड्यांनी चालण्यात काय राम आहे गं?" तू सहज विचारलंस, पण मला ते लागलं. फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसलेय. कालच परत आले. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, सॅक अजून ओसरीतच पडलीय आणि तिच्यातून धुराचा आणि घामाचा वास येतोय.

ॲपलेचियन ट्रेल ही इथली डोंगरातली पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत जाते, हे तुला मी आधी सांगितलंच आहे. चौदा राज्यं, साडेतीन हजार किलोमीटर. एका दमात चालणाऱ्यांना पाच ते सात महिने लागतात. माझ्याकडे आहे नोकरी, घरी सासूबाई, आणि वर्षाला दोन आठवडे रजा. एक आठवडा मे महिन्यात, एक ऑक्टोबरात. एकट्या व्हर्जिनियात या वाटेचा चौथा हिस्सा आहे, साडेपाचशे मैल. मी अजून त्यातच आहे.

गेल्या खेपेला जिथे वाट सोडली तिथूनच पुन्हा सुरुवात करायची, हा माझा नेम. ऑक्टोबरात पावसाने झोडपून काढलं होतं, तंबूत पाणी शिरलं आणि केफर ओकपाशी येऊन मी घरी परतले होते. तीनशे वर्षांहून जुना ओक आहे तो, बुंध्याचा घेर अठरा फुटांच्या वर. या वेळी गाडी शेवटच्या टोकाला, डेलव्हिलला लावली आणि पैसे घेऊन हायकर्सना ने-आण करणाऱ्या एका आजोबांनी मला मागे आणून सोडलं. म्हणजे पन्नासएक मैल चालून आपल्याच गाडीपाशी पोचायचं. आधी जाऊन त्या ओकाच्या बुंध्याला हात लावला. सहा महिने ऑफिसात बसूनही ती जागा माझ्यासाठी तशीच थांबली होती, असं वाटलं.

पहिल्या दिवशी सिंकिंग क्रीक माउंटनची चढण. वर पोचलं की लांबच लांब धार लागते आणि धारेवर मोठमोठे कातळ, सगळे एकाच अंगाला कललेले. तासन् तास तिरकं चालायचं. डावा घोटा बोलायला लागतो. मध्येच झाडीत दगडांचे उंच ढीग दिसतात, नीट रचलेले. पूर्वी इथे शेती होती, जमीन मोकळी करताना शेतकऱ्यांनी एकेक दगड उचलून ठेवलाय. आता सगळं रान झालंय. पण ते दगड पाहताना मला आपल्याकडची मावळातली खाचरं आणि त्यांच्या ताली आठवल्या. तीच मेहनत, तेच हात.

आणि मग त्या धारेवर एक पाटी येते. इथून पाणी दुभंगतं. पश्चिमेला पडलेला थेंब सिंकिंग क्रीक, न्यू रिव्हर, ओहायो, मिसिसिपी असा वाहत मेक्सिकोच्या आखातात जातो. पूर्वेला पडलेला क्रेग क्रीकमधून जेम्स नदीत, आणि तिथून चेसापीकच्या खाडीत. जेम्स माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे गं! रोज ऑफिसला जाताना मी तिच्यावरच्या पुलावरून जाते.

तुला नाणेघाट आठवतो ना? कॉलेजचं शेवटचं वर्ष, रात्रभर गुहेत कुडकुडलो आणि सकाळी नळीच्या तोंडाशी उभं राहून तू बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलंस. अर्धं कोकणात आणि मग पाठ फिरवून अर्धं घाटमाथ्यावर. "हे कुकडीला जाणार, कुकडी घोडला, घोड भीमेला," तू म्हणालीस. लग्न होऊन तू त्याच भीमेच्या काठी, पंढरपुरात जाशील हे तेव्हा कुणाला माहीत होतं! मी त्या पाटीपाशी किती वेळ बसले होते कोण जाणे. माझ्याकडे लिटरभरच पाणी होतं आणि धारेवर पुढे झरा नाही. म्हणून बाटलीचं फक्त एक बूच भरलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पूर्वेकडचं पानांवर पडलं आणि लगेच मुरलं. कधीतरी ते माझ्या पुलाखालून जाईलही.

रात्री निडे शेल्टरला मुक्काम. ही शेल्टरं म्हणजे तीन बाजूंनी लाकडी भिंती, चौथी बाजू उघडी, वर पत्रा. अस्वलं असल्यामुळे खाणं दोरीने उंच फांदीला टांगायचं. अंधार पडला आणि रातवा ओरडायला लागला, इथला वेगळा, एकच तीन सुरांची हाक शेकडो वेळा. झोप येईना, पण त्याचा राग आला नाही.

तिथेच एक जर्मन मुलगा भेटला. मार्चमध्ये स्प्रिंगरहून निघालेला. वाटेवर खरं नाव कुणी विचारत नाही, टोपणनाव पडतं. मी शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना देते म्हणून माझं 'पीनट'. तो दिवसाला वीस मैल चालतो, मी दहा. चटणी पोळीला लावून खाता खाता मी त्याला तुझाच प्रश्न विचारला, तोपर्यंत तू तो विचारलाही नव्हतास. म्हटलं, सलग चालणाऱ्यांना आम्ही तुकडेवाले कसे वाटतो? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "परवाचा डोंगर कुठला होता ते मला आठवत नाही. तुला तुझे सगळे आठवत असतील." आणि मंजू, मला खरंच आठवतात. चार वर्षांतला एकेक दिवस. पाऊस कुठे लागला, कुठल्या ओढ्यावर पाय सोडून बसले, सगळं. सहा महिने मी ते घरी घोळवते आणि मग पुढचा तुकडा जोडते.

या वाटेची जी संस्था आहे तिच्या नोंदीतसुद्धा भेद नाही. सलग चाला नाहीतर तीस वर्षं लावा, सगळी वाट पुरी केली की '२००० मैलवाले' म्हणून नाव एकाच यादीत लागतं. आणि तुझे बाबा? दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंतच चालायचे, दिवे घाट चढून. दुसऱ्या दिवशी बँकेत हजर. त्यांना कुणी अर्धा वारकरी म्हणालं होतं का कधी?

दुसऱ्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. ब्रश माउंटनवर ऑडी मर्फीचं स्मारक लागतं, दुसऱ्या महायुद्धातला फार मोठा मानकरी सैनिक. १९७१ साली त्याचं विमान इथेच कोसळलं. येणारेजाणारे दगड आणि छोटे झेंडे ठेवून जातात. मीही एक दगड ठेवला.

तिसरा दिवस मात्र कसाचा. ड्रॅगन्स टूथ म्हणजे धारेवर उभा राहिलेला दगडी सुळका. धुकं इतकं होतं की सुळका अर्धाच दिसला. खरी परीक्षा त्यानंतरची. उतार म्हणजे एकामागून एक रॉकपॅच, हातापायांनी धरून उतरायचे कातळाचे टप्पे, काही ठिकाणी कातळात लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या. दगड ओले, पाठीवर बारा किलो. एका ठिकाणी पाय निसटला आणि नडगी गुडघ्यापासून खालपर्यंत खरवडली. रक्त बघून हात थरथरायला लागले. तेव्हा तुझा आवाज ऐकू आला म्हटलं तर हसू नकोस. राजगडाच्या चोर दरवाजाने उतरताना तू खाली उभी राहून सांगायचीस ना, "उजवा पाय, अजून खाली, अजून, हां, तिथे खोबण आहे." तेच स्वतःला मोठ्याने मराठीत सांगत उतरले. त्या रात्री रस्त्याजवळच्या एका घरगुती हॉस्टेलात गरम पाण्याने अंघोळ आणि जखमेवर हळद.

चौथ्या दिवशी कुरणं. गाई चरत असतात आणि कुंपणावर दोन्ही बाजूंनी लाकडी शिड्या असतात, त्या चढून उतरायचं. संध्याकाळच्या चढावर वाटेची निगा राखणाऱ्या क्लबचे चार स्वयंसेवक आडवं पडलेलं झाड करवतीने कापत होते, त्यातल्या एक बाई सत्तरीच्या. बेंटन मकाय नावाच्या माणसाने १९२१ साली या वाटेची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पुरी झाली, आणि आजही ती अशाच गावोगावच्या लोकांच्या हातांवर टिकून आहे. दर थोड्या अंतरावर झाडावर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा दिसतो ना, तोही कुणीतरी ब्रश घेऊन हाताने रंगवलेला असतो. मी सॅक उतरवून तासभर फांद्या ओढून बाजूला टाकल्या. पुढच्या वर्षीपासून त्यांच्यासोबत दोन शनिवार द्यायचे ठरवलंय.

पाचव्या दिवशी पहाटे चारला उठून मॅकॅफी नॉबवर सूर्योदय पाहिला. फोटो पाठवलेत, दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला तोच खडक. गर्दी होती. मला त्यापेक्षा दुपारचे टिंकर क्लिफ्स आवडले. कड्याच्या काठाकाठाने अर्धा मैल वाट जाते, खाली हिरवी दरी, वर गिधाडं, आणि मी एकटी. कोकणकड्याची आठवण आली, पण तेवढी छाती दडपली नाही. सहाव्या दिवशी झाडीतून हायवेची घरघर ऐकू यायला लागली आणि दुपारी माझी धुळीने माखलेली गाडी दिसली. शेवटच्या पांढऱ्या पट्ट्याला हात लावला. ऑक्टोबरात तिथूनच.

आता तुझ्या गुडघ्याचं. ऑक्टोबरात तूही ये माझ्याबरोबर चालायला. ऑपरेशनला वर्ष होईल तोवर. डॉक्टर चालायला सांगतायत आणि तू घरातून तुळशीबागेत गेल्यासारखी देवळापर्यंत जाऊन येतेस, हे मला तुझ्या लेकीकडून कळलंय. डेलव्हिलच्या पुढे एक दिवस चढ आहे, तो मी एकटी उरकते. त्यानंतर वाट ब्लू रिज पार्कवे नावाच्या रस्त्याला धरून जाते. काही काही मैलांवर गाडी लावायची जागा येते. सॅक नको, शेल्टर नको. सकाळी सोडायचं, चार-पाच मैल चालायचं, रात्री पलंगावर झोपायचं. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा या महिन्यातच अर्ज भर. बूट मात्र तिथेच घे आणि चंद्रभागेच्या वाळवंटात रोज घालून चाल, नवे बूट घेऊन येऊ नकोस. भाजणी मी इथे करते.

तुझी,
वृंदा