कॉम्प्युटर तुम्हा दोघांचा आहे

पुणे

ती. नाना आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेली बटणांची नावं फोन ठेवला की डोक्यातून जातात, म्हणून हे पत्र. छापून कॉम्प्युटरच्या टेबलावरच ठेवा.

नाना, तुम्ही म्हणालात, पासवर्डच काढून टाक. चहा घेऊन परत बसलं की तो पुन्हा विचारतो, केळीच्या नवती (नवी लागवड) आणि पिलबागचे (जुन्या खोडाच्या पिलांची बाग) भाव लिहिता लिहिता दर वेळी तेच. तुमचा वैताग खरा आहे. पण पासवर्ड दोन वेळा विचारला जातो: एकदा मशीन सुरू करताना आणि एकदा ते झोपेतून उठताना. दुसरा आपण काढू. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स. थोडा वेळ उठून गेल्यावर पुन्हा साइन-इन कधी मागायचं, असा प्रश्न तिथे आहे. त्याच्यापुढे ‘नेव्हर’ निवडा.

सुरू करतानाचा मात्र राहू द्या, एवढं माझं ऐका. आपल्या ओट्यावर सकाळपासून माणसं असतात. कोणी केळीचा बोर्डभाव, म्हणजे रोजचा जाहीर भाव, बघायला येतं, कोणाच्या पोराला फॉर्म छापायचा असतो. हे थांबू नये असंच मला वाटतं. पण त्याच मशीनमध्ये आपले सातबारे आहेत, केळीच्या विक्रीच्या पट्ट्या आहेत, पेन्शनचे कागद, बँकेचे उतारे, आजीचे फोटो आहेत. समोर कोणी बसलेलं असताना आत जावं लागलं तर विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा, पडदा बंद होईल. ‘नेव्हर’ निवडलेलं असलं तरी असं कुलूप लावल्यावर पिन, म्हणजे सुरू करताना टाकतो तो आकड्यांचा छोटा पासवर्ड, विचारला जातोच.

पिनमध्ये जन्मतारीख नको, मोबाईलचे शेवटचे आकडेही नकोत. पिन फक्त आपल्या त्या एका मशीनपुरता असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड वेगळा, तो कपाटातल्या डायरीत लिहून ठेवा. फोन करून कोणीही, अगदी कंपनीतून बोलतोय म्हणालं तरी, दोन्हींपैकी एकही सांगायचा नाही. दुकानात मशीन नेलं आणि त्यांनी बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रामला) पासवर्ड लावू का विचारलं, तर नको म्हणा. तो विसरला की फार खटाटोप होतो.

आणि पिन घेत नसेल तर घाबरू नका. आधी कीबोर्डवरचा नम लॉक बघा. तो बंद असला तर उजवीकडचे आकडे उमटतच नाहीत. खात्याचा पासवर्ड टाकायची वेळ आली आणि तो चालेना, तर भाषा बघा. तुम्ही हिशेब मराठीत लिहिता, कीबोर्ड तसाच मराठीवर राहिला की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती इंग्रजीवर आणा. पिन बऱ्याच वेळा चुकला तर मशीन ए-१-बी-२-सी-३ असं इंग्रजीत टाइप करायला सांगतं. मशीन बिघडलेलं नाही, माणूसच बसलाय ना याची ती खात्री असते. टाइप करा आणि पुन्हा पिन टाका.

आता झोपेचं. पडदा काळा झाला की तुम्ही बोर्डावरचं बटण बंद करता, ते आता करू नका. आई, तू रात्री चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवायचीस ना, स्लीप तसं आहे. काम तसंच जिवंत असतं, एक बटण दाबलं की पुढे सुरू. पण ते रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मरणात, असतं आणि रॅमला वीज लागते. बोर्डावरचं बटण बंद केलं किंवा गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, की न साठवलेलं जाऊ शकतं. म्हणून उठण्याआधी काम साठवायला कंट्रोल आणि एस एकत्र दाबायचंच. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे रात्री स्लीप नको, शट डाउनच करा. मे-जूनच्या वादळात तर शट डाउन करून प्लगसुद्धा बोर्डातून काढा. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का, तेही बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

नाना, तुम्ही विचारलंत, रोज बंद करतो तर रीस्टार्ट वेगळं कशाला? बरोबर प्रश्न आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. त्यात शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. म्हणून मशीन लवकर सुरू होतं, पण कालचा अडकलेला गुंताही सोबत येऊ शकतो. रीस्टार्ट केलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रिंटर दिसेनासा झाला तर आधी रीस्टार्ट करून बघा, मग दुकानातल्या मुलाला बोलवा. एरवीही आठवड्यातून एकदा करत जा. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या वेळेने, विंडोजचे सुरक्षेचे अपडेट निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र होते. त्यानंतर ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसलं की लाईट टिकेल अशी वेळ बघून तेच दाबा आणि पूर्ण होईपर्यंत बोर्डाला हात लावू नका.

आई, आता तुझ्याशी. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी तू सांगायचीस आणि नाना टाइप करायचे. आता तुला स्वतःला टाइप करता येतं, तरी नाना मळ्यातून येईपर्यंत तू थांबतेस, कारण पिन त्यांनाच माहीत. हे मला पटत नाही. झोक्यावरची, गौराईची, सासुरवाशिणीची ती गाणी तुझ्याइतकी आज आपल्या गल्लीत कोणाला येत नाहीत. तुला ओळ आठवते ती दुपारी भांडी घासताना, आणि संध्याकाळपर्यंत ती निसटते. नाना, आईचं वेगळं खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, तिथे अॅड अकाउंट. तिचा पिन तिने स्वतः ठरवायचा. तिची फाईल, तिचे फोटो तिच्या खात्यात. आणि मशीन सुरू करणं, झोपवणं, बंद करणं तिने स्वतःच्या हाताने करायचं. तुम्ही शेजारी बसा, पण माउस तिच्याकडे द्या.

हे रविवारी करा, पुढच्या रविवारवर ढकलू नका. खातं उघडलं की आईने त्यात एक गाणं लिहावं आणि मला पाठवावं.

दोघांनी तब्येतीला जपा, उन्हात दुपारी मळ्यात जाऊ नका.

तुमची लेक